शेणाच्या टाकीतले निकेल

शेण चुलीत घालावे की शेतात? गांधीजींच्या वर्ध्यात हा प्रश्न केवळ स्वयंपाकघरातला नव्हता. १९३४ साली स्थापन झालेला ग्रामोद्योग संघ मगनवाडीत कामाला लागला, कुमारप्पांनी तेथे खेड्याच्या अर्थकारणाचा हिशेब मांडला, आणि १९४१ साली जमनालालजींनी गोसेवा संघ काढला. अशा हिशेबात गोवरी ही तोट्याचीच बाब. ती जळली की भाकरी भाजते खरी. पण जमिनीच्या वाट्याचा नत्र धुरावाटे निघून जातो. मात्र घरात सरपणाची काडी नसलेल्या बाईला ‘गोवरी लावू नको’ असे कोणत्या तोंडाने सांगावे?

हा पेच सोडविला तो झाकलेल्या टाकीने. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ सालीच मैल्यापासून दिव्याचा वायू काढला होता. पुढे जशभाई पटेलांनी शेणासाठी तरंगत्या झाकणाची टाकी रचली आणि १९६० नंतर खादी आयोगाने ती गावोगाव नेली. वर्ध्यात देवेंद्रकुमारांनी १९७६ साली स्थापिलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने हेच काम पुढे चालविले. पाण्यात कालविलेले शेण टाकीत सोडावे. वायू चुलीकडे जातो आणि नत्रासकट उरलेली रबडी शेतात.

पण टाकीच्या आत घडते काय? १९०२ च्या सुमारास फ्रान्समध्ये साबात्ये यांनी तापविलेल्या निकेलच्या भुकटीवरून कर्बाम्ल वायू व हायड्रोजन नेले. मिथेन आणि पाणी मिळाले. निकेल जसेच्या तसे राहिले. त्यासाठी सुमारे तीनशे अंशांची धग लागली. अंगणातली टाकी तेच काम नुसत्या उन्हाच्या उबेवर करते. तिच्यातल्या मिथेनचा साधारण तिसरा हिस्सा पाण्यातल्या कर्बाम्ल वायूपासून होतो, उरलेला बहुतेक ॲसेटिक आम्लापासून. दोन्ही वाटा शेवटी सूक्ष्मजीवांच्या एकाच विकरापाशी येतात; आणि त्याच्या पिवळ्या घटकात १९८० साली रसायनज्ञांना सापडले ते निकेलच!

१९८५ साली जपानात होरी यांनी तांब्याच्या विद्युतपट्टीवर पाण्यातल्या कर्बाम्ल वायूचा मिथेन केला. त्या वाटेने स्वस्त व टिकाऊ धातूंचा शोध अजून चालू आहे. तो चालावाच. पण शेणाच्या टाकीतले निकेल रोजच्या शेणावर आणि तितक्याच पाण्यावर राबते. गोठा रिता झाला, विहीर आटली, की टाकी थंडावते आणि चूल पुन्हा धुमसू लागते. मगनवाडीचा तो हिशेब अजून पुरा व्हायचा आहे.