दम छातीत की हातात?

चाकूरकडे पावसाळ्यानंतर विहिरी भरल्या की पोरं पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून पाण्यात उतरतात. भोपळा सुटला की पोहणे आले, अशी आपली समजूत. पण तोच गडी तळ्याच्या मध्यावर धापा टाकू लागतो आणि काठावरचे म्हणतात, "दम कमी पडला." खरंच दमच कमी पडतो का? पोहण्याचा इतिहास निराळे सांगतो.

1844 साली लंडनमध्ये अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी एकेक हात पाण्याबाहेर काढून पुढे टाकीत पोहून दाखविले. वेग चांगला होता. पण इंग्रजांना ती रानटी धडपड वाटली. ते बेडकासारखेच पोहत राहिले. त्याच रीतीने कॅप्टन वेब 1875 मध्ये इंग्लिश खाडी 21 तास 45 मिनिटांत पोहून गेला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियात हात टाकण्याची ही रीत 'क्रॉल' म्हणून रूढ झाली. तरी लोक म्हणत, ही शर्यतीपुरती. लांबच्या पल्ल्यात माणूस थकेल. 1926 मध्ये गर्ट्रूड एडर्ले या अमेरिकन तरुणीने क्रॉलनेच खाडी सुमारे साडेचौदा तासांत ओलांडली. तोवर कोणा पुरुषालाही ते सोळा तासांच्या आत जमले नव्हते!

हे साधले कसे? डोके वर धरले की पाय बुडतात आणि पाणी सबंध अंगाला अडवते. वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध सुमारे चौपट होतो. म्हणून नुसता जोर करणारा लवकर संपतो. अंग आडवे ठेवावे, श्वास पाण्यात सोडावा आणि मान न उचलता कुशीवर वळून घ्यावा. हात लांब टाकावा. मांड्यांचे मोठे स्नायू प्राणवायू फार खातात, म्हणून लांब पोहणारा पाय बेताने मारतो. नांगर वाकडा धरला तर बैल दुपारआधीच थकतो ना? तसेच हे.

1958 मध्ये मिहिर सेन यांनी ही खाडी पार केली. पुण्याचे रोहन मोरे यांनी तर 2018 पर्यंत जगातील सात अवघड सामुद्रधुन्या पोहून पुऱ्या केल्या.

तेव्हा गुरुजी, एवढं करा. ठराविक अंतराला मुलाला किती हात मारावे लागतात ते मोजा. महिन्याने तेवढ्याच अंतराला, धाप न लागता, कमी हात पुरले तर पोरगं शिकलं म्हणा. मात्र काठावर दोर आणि जाणता पोहणारा असल्याशिवाय कोणालाही पाण्यात सोडू नका. दम वाढायला वेळ लागतो. हात सुधारायला आजच सुरुवात करता येते.