न बसणारे दार

अकोल्याला आमच्या मामांच्या अंगणात एक फियाट अकराशे कित्येक वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. मामांनी ऐंशी ओलांडली तेव्हा त्यांनी एकच इच्छा बोलून दाखवली : तिच्यात बसून एकदा अमरावतीला अंबादेवीच्या दर्शनाला जायचे. इंजिन महिन्याभरात सुरू झाले. अडले ते डावीकडच्या पुढच्या दाराशी. जुन्याची गंजून चाळण झालेली. मुंबईहून मागवलेले नवे दार वर टेकले की खाली बोटभर फट राही. एका कारागिराने सुचवले, "गाडीचा खांबच थोडा कापू." मी होकार देण्याच्या बेतात होतो.

तेवढ्यात अमरावतीचे एक वृद्ध मिस्त्री आले. उमेदवारी त्यांनी कापसाच्या जिनात केलेली. म्हणाले, "मास्तर, गाडीले हात लावू नोका. दार नवं हाय, त्याले घासा." आणि त्यांनी पिशवीतून कानस काढली.

वाचकहो, एके काळी सारी यंत्रे अशी कानशीनेच जुळत. प्रत्येक कारखान्याचे बोल्टचे आटे निराळे. एकाचा नट दुसऱ्याला लागत नसे. 1841 मध्ये मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचे एक ठरीव माप सुचवले आणि ते इंग्लंडभर रुजले. लँकेशायरची यंत्रे वऱ्हाडातल्या जिनांत आली ती हेच माप घेऊन. पुढे अमेरिकेने आपले माप वेगळे केले. व्हिटवर्थच्या अर्ध्या इंची बोल्टला इंचात 12 आटे, अमेरिकन बोल्टला 13. म्हणून नट एकदोन फेरे सुखाने फिरतो आणि मग दगडासारखा अडतो. जोर केला की दोन्ही बाद!

कोणताही सुटा भाग कोणत्याही गाडीला बिनघासता बसावा, ही तर त्याहून मोठी झेप. 1908 मध्ये इंग्लंडात ब्रुकलँड्स येथे तीन कॅडिलॅक मोटारी पुऱ्या खोलून त्यांचे भाग एकत्र मिसळले, काही भाग बाजूला काढून दुकानातले नवे घातले, आणि केवळ पाने व पेचकस वापरून तिन्ही गाड्या पुन्हा जोडल्या. तिन्ही 500 मैल धावल्या. कानशीला तिथे मज्जाव होता. यासाठी कॅडिलॅकला ड्यूअर चषक मिळाला.

ही विद्या आपल्याकडे आणण्यात एका मराठी मुलखातल्या माणसाचा वाटा मोठा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 मध्ये डॉज गाड्या निघू लागल्या आणि पुढच्या दशकात फियाट. डॉजचे आटे अमेरिकन, फियाटचे मेट्रिक, जिनाचे इंग्रजी. आमच्या मिस्त्रींच्या फळीवर तीन मापांचे पाने आजही वेगवेगळे टांगलेले आहेत.

पद्मिनी हे नाव फियाटच्या त्या वंशातल्या गाडीला 1974 मध्ये मिळाले. मुंबईत तिची शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपून 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. कारखान्यातले साचे थांबले की मापाची हमीही थांबते. मग अंदाजाने ठोकलेले पत्रे नवे म्हणून विकले जातात, आणि गाडी पुन्हा कानशीच्या युगात जाते.

पण मिस्त्रींनी लगेच घासले नाही. आधी सुतळीने दाराच्या चौकटीची तिरपी मापे घेतली, उजव्या बाजूशी ताडून पाहिली. चौकट सरळ होती. मग विचारले, "जुन्या बिजागरीमागच्या चकत्या कुठं हायत?" मी ओशाळलो. पत्र्याच्या त्या बारीक चकत्या मीच भंगारात टाकल्या होत्या. ढिगारा उपसून तीन सापडल्या. त्या घालताच निम्मी फट मिटली. म्हणजे मूळ दारही आपोआप बसलेले नव्हते. कुण्या कामगाराने चकत्या सारून, हाताने जुळवून ते बसवले होते. इंजिनाचे भाग मापाने बसतात, पत्रा मात्र माणसाला बसवावा लागतो.

उरलेली फट दाराची कड घासून काढली. चार वेळा लावून, काढून पाहिल्यावरच रंगाची परवानगी मिळाली. मूर्तिजापूर, बडनेरा मागे टाकीत आम्ही अमरावतीला पोचलो. खाली सुतभर फट अजून दिसते. मामांनी तीवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "राहू दे. पहिल्या दारालाही होती."