बुरुजावरून फेकलेला दगड : उड्डाणकालाचे गणित

फेकलेली वस्तू हवेत किती वेळ राहते, हा तिचा उड्डाणकाल. तो वेगाच्या उभ्या घटकावर आणि सुटण्याच्या व पडण्याच्या जागांच्या उंचीतील फरकावर ठरतो. आडव्या घटकामुळे वस्तू लांब जाते, पण हवेत जास्त वेळ राहत नाही. आडवी आणि उभी गती एकमेकींत ढवळाढवळ करत नाहीत, या तत्त्वावर गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात प्रक्षेप्याचा मार्ग अन्वस्त असल्याचे दाखवले.

रोह्यात कुंडलिकेकाठच्या सपाट जागेवरून चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने, ३० अंशांच्या कोनात मारला असे धरू. उभा घटक १०. गुरुत्वत्वरण ९.८ घेऊ, पेण-रोह्याच्या अक्षांशावर ते सुमारे ९.७९ भरते, म्हणजे फरक नगण्य. माथा गाठायला १० ÷ ९.८ सेकंद, उतरायला तेवढेच. एकूण २.०४ सेकंद. उभ्या वेगाची दुप्पट भागिले गुरुत्वत्वरण, हे पाठ असलेले सूत्र ते हेच.

आता त्याच वेगाने, त्याच कोनात दगड अवचितगडाच्या बुरुजावरून सुटला आणि १५ मीटर खालच्या उतारावर पडला असे मानू. (हा प्रयोग कागदावरच करावा, गडाच्या वाटेवर माणसे असतात.) इथे ते सूत्र चालत नाही, कारण दगड बुरुजाच्या पातळीला परत आल्यावरही खाली जातच राहतो. वरची दिशा धन मानली आणि उड्डाणकाल क सेकंद धरला, तर समीकरण असे :

−१५ = १०क − ४.९क²

क ची दोन उत्तरे मिळतात : ३.०५ आणि −१.०१. विद्यार्थी ऋण उत्तर खोडून मोकळे होतात. बरोबरच आहे, पण त्यालाही अर्थ आहे. दगड १.०१ सेकंद आधी त्या खालच्या पातळीवरून योग्य वेगाने सुटला असता, तर बुरुजापाशी नेमक्या याच वेगाने पोहोचला असता. दोन्ही उत्तरांची बेरीज २.०४, म्हणजे सपाटीचाच उड्डाणकाल. ताळा करायला हे फार उपयोगी आहे.

तोच दगड सरळ आडवा फेकला, तर उभा वेग शून्य. मग कितीही जोर लावला तरी १५ मीटर उतरायला १.७५ सेकंदच लागतात.

हे सारे हवेचा रोध सोडून. परीक्षेत उड्डाणकालाचे गणित आले, की सूत्राआधी दोन्ही जागांची उंची लिहा. ती सारखी नसेल, तर थेट वर्गसमीकरण मांडा.