नांव आणि चव

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, बखरी आणि दफ्तरें एवढींच आपल्या डोळ्यांपुढें येतात. ताटांतला पदार्थ आणि पेल्यांतलें पेय यांचीही साक्ष काढतां येते, हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. दक्षिण फ्रान्सांत खाद्यपेयांची चव घेत एक दिवस हिंडणाऱ्या प्रवाशास मात्र ही साक्ष पदोपदीं ऐकावी लागते. तेथें प्रत्येक घोटाबरोबर एक नांव पुढें येतें, आणि त्या नांवामागें पोपांचे वाडे व रोमन लोकांचे मळे दाखविले जातात. प्राचीनतेचा हा दावा खोटा नव्हे. पण तो अर्धाच खरा आहे. उरलेलें अर्धें सत्य फार अलीकडचें असून, माझ्या मतें, तेंच अधिक मोलाचें आहे.

दिवसाचा आरंभ बहुधा ऱ्होन नदीच्या कांठीं, आव्हिन्याँ शहरीं होतो. इ. स. १३०९ पासून १३७७ पर्यंत पोपचा दरबार रोमऐवजीं येथें भरत असे. बाविसावा जॉन (१३१६–१३३४) या पोपनें शहराच्या उत्तरेस कांहीं कोसांवर, एका टेकडीवर, गढी बांधविली. तिच्या बुरुजाचा निम्मा भाग १९४४ सालीं जर्मन सैन्यानें उडवून दिला. आज तेथें भग्न भिंत तेवढी उभी आहे. पायथ्याच्या गोटाळ जमिनींत पिकणाऱ्या द्राक्षांचें तांबडें मद्य 'शातोनफ द्यु पाप', म्हणजे 'पोपचा नवा किल्ला', या नांवानें जगभर जातें. परंतु गांवाचें पूर्वीचें नांव शातोनफ कालसर्निए असें होतें. पोपचें नांव त्यास १८९३ सालीं जोडलें गेलें! वेलींची कथाही तशीच आहे. १८६३ च्या सुमारास या खोऱ्यांतील वेली कारण न कळतां वाळूं लागल्या. १८६८ सालीं माँपेलिए येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक प्लांशाँ व त्यांचे सहकारी यांनीं मुळांचा रस शोषणारा एक सूक्ष्म कीटक हुडकून काढला. तो अमेरिकन वेलींबरोबर समुद्र ओलांडून आला होता. उपायही तिकडूनच आला : कीड सोसणाऱ्या अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचें कलम. म्हणून आज या बागांतून बहुतेक ठिकाणीं शेंडा फ्रेंच आणि मूळ अमेरिकन अशी स्थिति आहे.

दुपारीं प्रवासी नैर्ऋत्येस लांगदॉक प्रांतांत उतरतो. तेथील नार्बोन नगर रोमन लोकांनीं इ. स. पू. ११८ मध्यें वसविलें, हें वाटाड्या आवर्जून सांगतो. त्याच नगरांत १९०७ सालीं काय घडलें, तें आपण सांगितलें पाहिजे. बागा पुन्हां उभ्या राहिल्या होत्या, पण भाव कोसळले होते. अल्जीरियाचें मद्य जहाजें भरून येत होतें, आणि साखर व पाणी यांच्या जोरावर बनावट मद्य तयार होत होतें. ११ मार्च रोजीं आर्झलिए गांवचे ८७ बागाईतदार, मार्सेलां आल्बेर नांवाच्या एका कॅफेवाल्याच्या पुढारीपणाखालीं, नार्बोनला गाऱ्हाणें घेऊन गेले. दर रविवारीं सभा वाढत गेल्या. ९ जून रोजीं माँपेलिए येथें पांच लाखांवर माणूस लोटला असा अंदाज आहे. मुख्य प्रधान क्लेमांसो यांनीं सैन्य पाठविलें. १९ व २० जून रोजीं नार्बोनमध्यें गोळी चालली आणि सहा जीव गेले. तें ऐकून १७ व्या पायदळ पलटणींतले शिपाई, जे बहुतेक त्याच मुलखांतले होते, बंड करून बेझिए शहरीं चालून आले. आल्बेर पॅरिसला जाऊन क्लेमांसोंना भेटला. परतीच्या भाड्यासाठीं त्यांनीं दिलेले शंभर फ्रँक त्यानें भोळेपणानें स्वीकारले, आणि लोकांतून तो कायमचा उठला. तथापि लढा वायां गेला नाहीं. २९ जून रोजीं भेसळीविरुद्ध कायदा झाला, आणि प्रत्येक बागाईतदारानें आपलें उत्पन्न जाहीर करावें असें ठरलें.

रात्रीच्या भोजनाच्या शेवटीं मेंढीच्या दुधाचें, गुहेंत मुरविलेलें रोकफोर चीज येतें. तें मुरविण्याचा हक्क सहाव्या चार्ल्स राजानें १४११ सालीं त्या गांवास दिला होता. तरी आधुनिक कायद्याचें कवच त्यास १९२५ सालीं चढवावें लागलें. शातोनफच्या बागाईतदारांनीं कायद्याचें शिक्षण घेतलेल्या बॅरन ल रुआ यांच्या नेतृत्वाखालीं १९२३ पासून असाच झगडा केला. १९३५ सालीं फ्रान्सांत स्थलनामांचा कायदा झाला आणि १९३६ सालीं त्यांच्या मद्यास त्याचें संरक्षण मिळालें. पोपची पुण्याई किंवा राजाची सनद बाजारांतल्या लबाडीपुढें पुरी पडली नाहीं, हाच याचा अर्थ.

आपल्या कोंकणच्या हापूस आंब्यास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें याच कल्पनेचें फळ होय. अशा नांवाचा अभिमान बाळगतांना आपण प्राचीनतेचे गोडवे गातों. नांव जुनें असतें हें खरें. पण त्याच्या खरेपणासाठीं कोणीतरी शेतकरी आपलें शेत सोडून शहराच्या चौकांत उभा राहिलेला असतो. नार्बोनच्या त्या सहा जणांस विसरून घेतलेला घोट कितीही मधुर लागला, तरी त्याची चव आपणांस पुरती कळली असें म्हणतां येणार नाहीं.