देठ सोडणारा जीव

मंडळी, प्रवाळभित्तीवर रात्री पिसांसारखे हात पसरून पाण्यातलं अन्न टिपणारा जीव म्हणजे फेदर स्टार. याच कुळातल्या, पण थंड समुद्रातल्या एका भाईबंदाची हकिकत आज पाहू.

१८२३ साली आयर्लंडमधल्या कॉर्कच्या बंदरात जॉन वॉन थॉम्प्सन या लष्करी डॉक्टरला देठावर उभा असलेला, इंचभरही उंच नसलेला एक जीव सापडला. देठवाले क्रिनॉइड तोवर मुख्यतः जीवाश्म म्हणूनच ठाऊक होते. १८२७ मध्ये त्यांनी तो नवी प्रजाती म्हणून जाहीर केला: पेंटाक्रिनस युरोपियस. फेदर स्टारची गणना मात्र तेव्हा तारामाशांबरोबर होत असे.

थॉम्प्सन पाहत राहिले. १८३६ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की हा देठवाला जीव म्हणजे फेदर स्टारचंच बालरूप; वाढला की तो देठ सोडून मोकळा होतो. म्हणजे बघा, स्वतः नाव दिलेली प्रजाती त्यांनी स्वतःच मोडीत काढली!

आम्हा तत्त्वज्ञानाच्या मंडळींना इथे थांबावंसं वाटतं. एखादी गोष्ट ‘काय आहे’ हे तिच्या आजच्या रूपावरून ठरवायचं, की सबंध आयुष्यावरून? फेदर स्टारची ओळख पटायला तरी त्याची वाढच पाहावी लागली.