राखेचे धनी

‘उत्पादक’ हा शब्द गोंदियात उच्चारला की डोळ्यांसमोर उभा राहतो तो शेतकरी. ‘धान उत्पादक’ ही जोडी इथल्या निवेदनांतून, बातम्यांतून आणि बोनसच्या घोषणांतून इतकी रुळली आहे की, या शब्दाचा दुसरा कुणी मानकरी असेल असे चटकन मनात येत नाही. पर्यावरणविषयक नियमांच्या मराठीत मात्र ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ अशी एक अवजड संज्ञा येऊन बसली आहे. शब्द अवघड असले तरी आशय सोपा आहे : जो वस्तू बनवतो त्यानेच तिच्यापासून होणाऱ्या कचऱ्याचीही तजवीज करावी. स्वीडनच्या टॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० साली ही कल्पना या नावाने मांडली आणि १९९१ मध्ये जर्मनीने वेष्टनांबाबत तसा कायदाही केला. आपल्याकडे तिचा इतिहास बहुधा संगणकाच्या किंवा प्लॅस्टिकच्या कचऱ्यापासून सांगितला जातो. पूर्व विदर्भापुरता तरी तो राखेपासून सांगावा, आणि त्याही आधी बिडीपासून, असे आम्हांस वाटते.

धान उत्पादकापुढे हा प्रश्न फारसा नव्हताच. तणस जनावरांच्या दावणीला जाई, तूस जळणाला जाई, आणि चुलीतली राख भांडी घासून वा कडधान्यात मिसळून उरली की शेणाबरोबर उकिरड्यावर पडे. ‘उकिरडा’ हा शब्द आज आपण शिवीसारखा वापरतो; परंतु शेतीच्या व्यवहारात ती घाण नव्हती, ते भांडवल होते. प्रत्येक उकिरड्याला धनी असे, आणि दुसऱ्याच्या उकिरड्यातली टोपलीभर खतमातीही विचारल्याशिवाय कुणी उचलत नसे.

कारखानदारी आली तेव्हा हा हिशेब बदलला. गोंदियाची ओळख ज्या धंद्याने घडवली त्या बिडीचे उदाहरण घ्यावे. ओढून टाकलेल्या बिडीचे काही उरत नाही. पानाचे थोटूक आणि सुताचा एक वेढा, तोही एका पावसात मातीत जातो. कचरा होई तो बनवताना. बिडी वळली जाई मजुरांच्या घरी, मुख्यतः बायकांच्या हातांनी. त्यामुळे तेंदूपत्त्याची कात्रणे आणि तंबाखूची धूळ कारखान्यात न पडता मजुराच्याच घरात पडे. त्याहून बोचरी गोष्ट ‘छाट’ची. ठेकेदाराने तपासणीत नापसंत केलेली बिडी म्हणजे छाट. तिची मजुरी कापली जाई. म्हणजे पान खराब निघाले तर त्याचा तोटाही वळणारीच्याच पदरात. बिडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ साली केंद्राने जो कायदा केला, त्यात कच्च्या मालाचे वाटप, नापसंत बिड्या आणि त्यांची मजुरी यांवरून होणाऱ्या तंट्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला, एवढ्यावरून ही तक्रार किती सार्वत्रिक होती हे कळते. नफा वर चढतो आणि वाया गेलेले खाली उतरते, ही रीत इथे प्लॅस्टिकच्या पुष्कळ आधीची आहे.

आता १९९९ सालाकडे येऊ. त्या वर्षी १ मे रोजी भंडाऱ्यापासून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षी सप्टेंबरात, बारा दिवसांच्या अंतराने, केंद्र सरकारने दोन नियम काढले. २ सप्टेंबरच्या नियमाने प्लॅस्टिकच्या पिशव्यांची किमान जाडी २० मायक्रॉन ठरवून दिली. पिशवी वापरून झाल्यावर तिचे कुणी काय करायचे, याचा भार बनवणाऱ्यावर टाकला नाही. १४ सप्टेंबरची अधिसूचना औष्णिक वीज केंद्रांच्या राखेबद्दल होती. वीज केंद्रांनी आपली राख ठरावीक मुदतीत पूर्णपणे उपयोगात आणली पाहिजे, असे तिने बजावले. ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ हे शब्द तिच्या भाळी नाहीत. पण तत्त्व तेच.

तथापि ही अधिसूचना बारकाईने वाचली की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत जो कुणी मातीच्या विटा पाडील, त्याने वजनाच्या किमान २५ टक्के राख मिसळलीच पाहिजे, असे बंधन तीत होते. हेतू चांगला होता, विटांसाठी खरवडली जाणारी सुपीक माती वाचावी. केंद्राने राख फुकट द्यावी, असेही सांगितले होते. पण ज्याने राख केली नाही त्या वीटभट्टीवाल्याच्या गळ्यात ती बांधली गेली, हेही खरेच. छाटेचा न्याय तो हाच!

२००३ मध्ये ५० किलोमीटरचे वर्तुळ १०० किलोमीटरचे झाले. पुढे २०१२ ते २०१४ या काळात तिरोड्याला अदानी समूहाचे वीज केंद्र टप्प्याटप्प्याने सुरू झाले : ६६० मेगावॅटचे पाच संच, एकूण ३,३०० मेगावॅट. पाणी वैनगंगेचे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असते. तेव्हा एवढ्या मोठ्या केंद्रात रोज निघणारी राख हजारो टनांत मोजावी लागते. तिरोड्याभोवती ५० किलोमीटरचे वर्तुळ काढले तर गोंदिया आणि भंडारा ही दोन्ही शहरे आत येतात. १०० चे काढले तर नागपूर येते. जानेवारी २०१६ च्या दुरुस्तीने ते ३०० किलोमीटरचे केले, म्हणजे रायपूर आणि जबलपूरही त्यात आले.

वर्तुळ वाढले यापेक्षा खर्च कुणाचा हे ठरले, याला आम्ही अधिक महत्त्व देतो. २०१६ मध्ये प्रथमच असे लिहिले गेले की, १०० किलोमीटरपर्यंत राख वाहून नेण्याचा खर्च वीज केंद्राने करावा आणि त्यापुढचा वापरणाऱ्याबरोबर निम्मा वाटून घ्यावा. राख फुकट असली तरी गाडीभाडे फुकट नसते, हे सरकारला समजायला सतरा वर्षे लागली. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व स्पष्टपणे पुढे ठेवून न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये भरपाई लावली आणि साठून राहिलेल्या जुन्या राखेचाही हिशेब मागितला. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात. राखेला बावीस लागली. तीही कागदावर. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध अतिवृष्टीत फुटला आणि राख नाल्यांतून व शेतांतून पसरली. हे केंद्र सरकारी महानिर्मितीचे. तेव्हा धनी खासगी की सरकारी, एवढ्यावर प्रश्न सुटत नाही.

राखेच्या बाबतीत एक सोय होती. चिमणी एका जागी उभी असते, तिला पत्ता असतो. पुडीचे तसे नाही. बनते एकीकडे, भरते दुसरीकडे, विकली जाते आमगावच्या नाहीतर सालेकश्याच्या टपरीवर. २०११ च्या नियमांत उत्पादकाच्या जबाबदारीचा उल्लेख आला, २०१६ मध्ये तो ठळक झाला. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लॅस्टिकबंदी करताना पाण्याच्या बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या परत घेण्याची योजनाही सांगितली. सोड्याच्या काचेच्या बाटलीची अनामत ज्यांना आठवते त्यांना त्यात नवे काही वाटले नसावे. फरक इतकाच की, बाटली भरलेल्या सोड्यापेक्षा महाग होती म्हणून दुकानदार ती आपण होऊन मागे. पिशवीला मोल नाही, म्हणून ती मागायला नियम लागतो, आणि नियम असूनही कुणी मागत नाही.

फेब्रुवारी २०२२ पासून उत्पादकांना वेगळी वाट मिळाली : स्वतः गोळा न करता पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून प्रमाणपत्रे विकत घ्यावीत. पुढच्याच वर्षी केंद्रीय मंडळाच्या तपासणीत अशी बनावट प्रमाणपत्रे लाखोंच्या संख्येने सापडली. प्रमाणपत्र कुठल्याही राज्यातल्या प्लॅस्टिकवर निघू शकते, त्यामुळे कागदोपत्री जबाबदारी पार पडली तरी गोंदियाच्या नालीतली पुडी जागची हलतेच असे नाही. नियमाप्रमाणे तिच्यावर उत्पादकाचे नाव आणि नोंदणी क्रमांक छापायचा असतो; तिला उचलते ती नगर परिषदेची घंटागाडी.