दुष्काळी काम आणि कसब

बेकारास मजुरी देणें आणि कसब देणें ह्यांतील भेद बारामती-इंदापूरच्या इतिहासांत दिसतो. १८७६-७७ च्या दुष्काळांत येथील उपाशी माणसें खडी फोडून, माती वाहून जगलीं. काम संपलें, तशी मजुरीही संपली. परंतु त्याच दुष्काळांत आरंभिलेला नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला आणि ऊस लावणें, दारें धरणें, गूळ करणें हीं कसबें रुजलीं. जिरायत गांवांस पाणी नव्हतें. त्यांना १९७२ सालीं पुन्हां खडीच फोडावी लागली. १९९२ पासून बारामतीस कृषि विज्ञान केंद्र शेतकऱ्यांना शिकवीत आहे. मात्र शिकलेल्या हातास पाणी व काम लाभलें, तरच त्या शिक्षणानें पोट भरेल.